सतरा बोल्ट आणि एक तोतया

गुरुवारी सकाळी बायको तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला निघाली, तेव्हा तिनं जिन्यात उभं राहून एकच गोष्ट तीनदा बजावली होती. "माझ्या मोटारसायकलला हात लावायचा नाही. पुसायची नाही, धुवायची नाही, उन्हात आहे म्हणून सावलीत न्यायची नाही. कळलं का?"

"कळलं," असं परीक्षासाहेबांनीही तीनदा सांगितलं. आणि ते खोटं बोलत नव्हते. पण बायको गेल्यावर दहाच मिनिटांनी ते खाली गेले आणि त्यांना दिसलं, की गाडी भिंतीशी चार बोटं तिरकी उभी आहे. आता 'सरळ करायची नाही' असं तिनं कुठं सांगितलं होतं?

परीक्षासाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कॉलेजच्या परीक्षा विभागात हेडक्लार्क. बावीस वर्षं परीक्षेची बैठक व्यवस्था त्यांच्याकडे. कोणता विद्यार्थी कोणत्या खोलीत, कोणत्या रांगेत, कितव्या बाकावर, सगळं हे ठरवणार. बावीस वर्षांत एकही उमेदवार चुकीच्या बाकावर बसलेला नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत आणि जुन्या माणसाला आठवण म्हणून सांगत. नाव पोरांनी ठेवलं, ते शेजाऱ्यांनी उचललं आणि आता बायकोही चिडली की तेच वापरायची. अशा माणसाला तिरकी गाडी बघवेल होय?

त्यांनी स्टँड काढला, गाडी जरा पुढं घेतली, जरा मागं घेतली, आणि गाडी त्यांच्या हातातून अगदी सावकाश, कमरेचं दुखणं असलेल्या माणसासारखी, भिंतीच्या बाजूला आडवी झाली.

वरच्या गॅलरीतून आवाज आला. "पडली का, जावईबापू?"

सासूबाई. गुडघ्याच्या उपचारासाठी म्हणून दोन महिन्यांकरता आल्या होत्या, त्याला आता वर्ष होत आलं होतं. गुडघे बरे झाले होते, गॅलरी मात्र सुटत नव्हती.

"पडली नाही, आई. जरा टेकली."

"बरं. मग टेकलेली उचलायला येऊ का?"

दोघांनी मिळून गाडी उभी केली. नुकसान तसं मोठं नव्हतं. पण या गाडीला अंगभर प्लॅस्टिकची कव्हरं होती, पुढच्या दिव्यापासून इंजिनापर्यंत, लाल आणि गुळगुळीत. भिंतीच्या बाजूच्या कव्हराला वीतभर तडा गेला होता आणि आतल्या दोन क्लिपा मोडून खाली पडल्या होत्या. परीक्षासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण सोमवार. बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोटार शिकवायची. मोटारसायकल शिकवण्याचा परवाना मात्र वेगळा, त्याची परीक्षा वेगळी आणि ती सोमवारी दहा वाजता होती. आधी गाडीची तपासणी, मग जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्यावरून गाडी फिरवायची, पाय न टेकता. चार महिन्यांपूर्वी ती एकदा बसली होती आणि पाय टेकला म्हणून नापास झाली होती. त्यानंतर आठवडाभर ती घरात मोजकंच बोलायची. पुन्हा बसायचं तिनं ठरवलं तेच मुळी मोठ्या हिमतीनं. आणि आता परीक्षेच्या चार दिवस आधी गाडीला तडा. तोही परीक्षासाहेबांच्या हातून.

"आई, हिला यातलं काही सांगायचं नाही."

"मी कशाला सांगू? मला कुणी विचारतं का इथं?" सासूबाई म्हणाल्या.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं येऊन तड्यावरून अंगठा फिरवला. "जोडून देतो. पण एकच बाजू रंगवली तर नवी-जुनी लगेच दिसेल. दोन्ही बाजूंची कव्हरं काढून आणा. शनिवारी संध्याकाळी तयार. बसवायची मात्र तुमची तुम्ही. रविवारी मी भाचीच्या लग्नाला चाललोय."

"बसवू की. त्यात काय एवढं?"

मिस्त्रीनं हातातला पान्हा खाली ठेवला. "साहेब, त्यातच तर सगळं आहे. एका बाजूचे बोल्ट लांब आहेत, दुसऱ्या बाजूचे आखूड. ज्या बाजूनं आत वायरी गेल्यात तिकडं मुद्दाम आखूड दिलेत. ज्याचा बोल्ट त्याच भोकात गेला पाहिजे. लोक सगळे एका डब्यात टाकतात आणि मग रडत येतात माझ्याकडे."

"डब्यात?" परीक्षासाहेबांना खरोखरच हसू आलं. "अहो, बावीस वर्षांत माझा एकही उमेदवार..."

"मागच्या वेळी सांगितलंत, साहेब," असं म्हणून मिस्त्री गेला.

परीक्षासाहेब वर आले आणि त्यांनी आपलं लोखंडी कपाट उघडलं. हे कपाट त्यांच्या जिवाचा तुकडा. बावीस वर्षांचे बैठकीचे आराखडे त्यात वर्षवार लावलेले. त्याचं हँडल मात्र काही महिन्यांपासून सैल होऊन लोंबकळत होतं. "तुम्ही फार जोरात ओढता," असं बायको म्हणाली होती. आपण जोरात ओढत असू, असं परीक्षासाहेबांनाही तेव्हा वाटलं, आणि तेव्हापासून ते कपाट दोन बोटांनी, झोपलेल्या बाळाचं पांघरूण काढावं तसं उघडत. आतून त्यांनी छोट्या तपकिरी पाकिटांचा गठ्ठा, डिंकाची बाटली आणि एक कोरा आराखडा काढला.

मग दुपारी त्यांनी गाडीसमोर स्टूल टाकलं. बरोबर पुढच्या दिव्यासमोर, दिव्याकडं तोंड करून. पर्यवेक्षक वर्गात जिथं बसतो तिथंच. त्यांच्या डाव्या हाताला डावी रांग, उजव्या हाताला उजवी रांग. प्रत्येक रांगेत नऊ बोल्ट. डा-१ ते डा-९, उ-१ ते उ-९. एकेक बोल्ट काढायचा, पुसायचा, पाकिटात घालायचा, पाकिटावर नंबर टाकायचा, आराखड्यावर खूण करायची. क्लिपा म्हणजे पत्र्याच्या छोट्या चिमट्यांसारख्या, कव्हराच्या कडेला बसायच्या आणि बोल्ट त्यांना चावून धरायचा. त्याही ज्याच्या-त्याच्या बोल्टबरोबर पाकिटात गेल्या.

पण सील करायचं म्हणजे दोन सह्या हव्यात. नियम आहे.

"कशावर सही करू?" सासूबाईंनी चष्मा लावत विचारलं.

"पाकीट तुमच्यासमोर बंद झालं, एवढंच."

"आत काय आहे ते बघू की नको?"

"बघायलाच पाहिजे, आई. न बघता सही करणारे साक्षीदार आमच्याकडे चालत नाहीत."

मग काय, सासूबाईंनी प्रत्येक बोल्ट उजेडात धरून, उलटासुलटा करून, जणू मुलीला स्थळ बघावं तसा पाहिला. "हा आधीच्यासारखाच आहे." "हाही तसाच आहे." "अहो, सगळे काळेच आहेत, यात बघायचं काय?" अशी चर्चा करत त्या सह्या ठोकत होत्या. डा-७ आला आणि त्यांचा हात थांबला.

हा बोल्ट काळा नव्हता. पिवळट, गोल डोक्याचा, डोक्यावर सरळ खाच असलेला. मागून त्याला वेगळाच एक नट लावलेला.

"तोतया!" परीक्षासाहेब स्टुलावरून उठलेच. त्यांचा चेहरा उजळला. "आई, हा दुसऱ्याच्या जागेवर बसलाय! बावीस वर्षांत मी तीन तोतये पकडले, हा चौथा!"

"असू दे हो. बसलाय बिचारा इतके दिवस, कुणाला त्रास दिला का?"

"असू कसा दे? खरा उमेदवार कुठं आहे? हा कुठून आला? कुणी बसवला?" परीक्षासाहेबांनी वेगळं पाकीट घेतलं आणि त्यावर लाल शाईनं लिहिलं, 'गैरप्रकार. डा-७ वरील तोतया. चौकशी प्रलंबित.' सासूबाईंनी त्यावर सही केली. एरवी सहीबरोबर चार वाक्यं बोलणाऱ्या बाई या वेळी गप्पच होत्या, पण परीक्षासाहेब आनंदात असल्यानं त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी कव्हरं आली. मिस्त्रीचा हात खरंच चांगला, तडा कुठं होता ते शोधूनही सापडेना. आतल्या बाजूला त्यानं खडूनं एकावर 'डावं' आणि एकावर 'उजवं' असं लिहून दिलं होतं. दोन नव्या क्लिपा आणि तोतयाच्या जागी एक अस्सल काळा बोल्टही दिला होता. एवढ्या व्यवस्थितपणानं परीक्षासाहेबांना मिस्त्रीबद्दल आदरच वाटला.

रविवारी सकाळी सीलं तपासून, सासूबाईंच्या देखत पाकिटं फोडण्यात आली. 'डावं' लिहिलेल्या कव्हराला डा पाकिटातले बोल्ट, 'उजवं' लिहिलेल्याला उ पाकिटातले. यात चुकायला जागाच कुठं होती? उ-४ ची क्लिप तेवढी चिमटीतून टुणकन उडाली आणि सासूबाईंच्या विणकामाच्या टोपलीत गेली. ती शोधता शोधता अर्धा स्वेटर उसवला, पण ते चालायचंच.

नाही म्हणायला एका बाजूचे बोल्ट जेमतेम दोन आट्यांवर धरत होते आणि दुसऱ्या बाजूचे शेवटाला जरा अडत होते. "नव्या रंगाचा थर असणार," परीक्षासाहेब स्वतःशी म्हणाले, आणि अडणाऱ्या बोल्टांना त्यांनी दात-ओठ खाऊन एकेक पीळ जास्तीचा दिला. दुपारी तीनला गाडी अशी दिसत होती, की नुकतीच दुकानातून आणलीय. बायको चारला यायची होती.

जीव भांड्यात पडलेला माणूस गप्प बसला तर काय हवं होतं! परीक्षासाहेबांना वाटलं, सगळं चालू आहे ना बघावं. त्यांनी किल्ली फिरवली. दिवा लागला. छान. त्यांनी हँडल डावीकडं वळवलं.

पोंऽऽऽऽ!

परीक्षासाहेब दचकून मागं सरले. हॉर्न वाजतच राहिला. त्यांनी हँडल सरळ केलं. शांतता. पुन्हा हळूच डावीकडं. पोंऽऽऽऽ!

"कोण आलंय?" वरून सासूबाई.

"कुणी नाही, आई!"

"मग कुणाला बोलावताय?"

तळमजल्यावरचे आजोबा बनियनवर बाहेर आले. "काय हो परीक्षासाहेब, रविवार आहे आज. घटकाभर डोळा लागला होता."

"माफ करा, तपासणी चाललीय," परीक्षासाहेबांनी सांगितलं आणि मिस्त्रीला फोन लावला. तिकडं बँड वाजत होता.

"हॅलो! मिस्त्री! हॉर्न वाजतोय!"

"काय? हो साहेब, इथं पण वाजतायत! वरात निघाली!"

"अहो, गाडीचा! हँडल वळवलं की!"

"जेवून घ्या म्हणताय? हो, हो, जेवणारच आहे!" आणि फोन बंद झाला.

त्याच वेळी फाटकात टॅक्सी थांबली. परीक्षासाहेबांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि भिंतीला टेकून, अगदी सहज उभं राहिल्यासारखे उभे राहिले. इतकं सहज ते लग्नाच्या फोटोतही उभे राहिले नव्हते.

बायकोनं बॅग खाली ठेवली आणि गाडीकडं पाहिलं. "पुसलीत का हो?"

"छे! शप्पथ, पुसली नाही." हे अगदी खरं होतं.

"मग एवढी चमकतेय कशी?"

"ऊन पडलंय ना."

बायकोनं आणखी एकदा पाहिलं, पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. "बरं, किल्ली द्या. आणि तुम्ही घड्याळ घेऊन मैदानावर चला. उद्याच्या आधी मला दहा वेळा तरी आठचा आकडा काढायचाय."

"अगं, आत्ताच आलीस. दमली असशील. चहा घे. पाय धू. पाय धुवून जरा पड."

"उद्या दहा वाजता परीक्षा आहे आणि तुम्ही मला पडायला सांगताय?" असं म्हणून तिनं हेल्मेट चढवलंसुद्धा.

मैदानापर्यंत रस्ता सरळ होता, हेच दुर्दैव. मैदानावर तिनं फक्कीनं आखलेल्या आकड्याशी गाडी लावली, परीक्षासाहेबांनी घड्याळ धरलं, आणि ती निघाली. उजवं वळण झकास. मधला भाग झकास. डावं वळण आलं. पोंऽऽऽऽ!

खेळणारी पोरं थांबली. फेऱ्या मारणारे एक गृहस्थ उडी मारून बाजूला झाले.

"अंगठा लागला वाटतं," ती ओरडून म्हणाली. "पुन्हा करते."

पुन्हा उजवं वळण, पुन्हा डावं वळण, पुन्हा पोंऽऽऽऽ! या खेपेला तिचं लक्ष अंगठ्याकडं गेलं, गाडी डळमळली आणि तिचा पाय टेकला. तिसऱ्या फेरीत हॉर्न वाजायच्या आधीच टेकला. पोरं हसायला लागली. एक कुत्रं गाडीमागून आठचा आकडा काढू लागलं, आणि त्याचा आकडा हिच्यापेक्षा बरा येत होता.

चौथी फेरी तिनं केलीच नाही. गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि ती कडेच्या कठड्यावर येऊन बसली.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या मी जात नाही."

"अगं, पण..."

"मागच्या वेळीही पाय टेकला होता. तेव्हा वाटलं, घाबरले असेन. आज तर माझा स्वतःचा अंगठा कुठं जातोय तेही मला कळत नाही. मी काय लोकांना शिकवणार?" तिचे डोळे भरून आले होते आणि ते दिसू नयेत म्हणून ती हेल्मेटची काच पुसत बसली.

आता बघा, परीक्षासाहेबांना या क्षणी फक्त गप्प बसायचं होतं. ती परीक्षेला गेली नाही तर गाडी घरीच राहणार, मंगळवारी मिस्त्री येणार, हॉर्न गुपचूप दुरुस्त होणार आणि कुणाला काही कळणार नाही. हा हिशेब त्यांच्या डोक्यात पुरा झालासुद्धा. पण बावीस वर्षं त्यांनी परीक्षेला आलेल्या पोरांचे चेहरे पाहिले होते. दारातूनच परत फिरू पाहणारी पोरं. त्यांना हे कधी रागावले नव्हते. पाणी आणून द्यायचे आणि बाकापर्यंत सोबत जायचे. आणि इथं घरचाच उमेदवार यांच्यामुळं उठून चालला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"अंगठा तुझा नाही," ते म्हणाले.

"मग कुणाचा आहे?"

"अंगठ्याचा प्रश्नच नाही. बोल्ट माझे आहेत." आणि मग सगळंच बाहेर आलं. चार बोटं तिरकी, टेकलेली गाडी, तडा, मिस्त्री, पाकिटं, खडू, बँड. सांगताना ते इतके ताठ उभे होते, की लांबून बघणाऱ्याला वाटावं राष्ट्रगीत चाललंय.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "घरी चला. गाडी ढकलत आणा. सरळ रस्ता आहे."

घरी आले तर खाली स्टूल मांडलेलं होतं. स्टुलावर आराखडा, रिकामी पाकिटं, पान्हा, पेचकस आणि काळी चिकटपट्टी. शेजारी खुर्चीवर सासूबाई उसवलेला स्वेटर घेऊन बसल्या होत्या. "हॉर्न इथवर ऐकू येत होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता लागेलच हे."

बायकोनं आराखडा उचलला, एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा आराखड्याकडं. "हा काढताना तुम्ही कुठं बसला होतात?"

"समोर. दिव्यासमोर. पर्यवेक्षक नेहमी..."

"म्हणजे गाडीच्या तोंडाकडं तोंड करून?"

"अर्थात!"

"अहो, गाडीचं डावं-उजवं गाडीवर बसणाऱ्याचं असतं! समोरच्याचं नव्हे. मिस्त्रीनं लिहिलेलं डावं म्हणजे माझं डावं. तुमची ती उजवी रांग. लांब बोल्ट तुम्ही सगळे वायरींच्या बाजूला ठोकलेत."

परीक्षासाहेब आराखड्याकडं बघतच राहिले. त्यांनी तो उलटा धरून पाहिला. मग ते स्वतः उलटे फिरून उभे राहिले. बावीस वर्षांत अठराच्या अठरा उमेदवार एकदम समोरच्या रांगेत जाऊन बसल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

"पण आमच्याकडं बाकं अशीच..." ते चाचरत म्हणाले.

"तुमच्याकडची बाकं चालत नाहीत," बायको म्हणाली आणि खाली बसून तिनं पहिला बोल्ट काढला.

त्याच बोल्टचं टोक हॉर्नच्या वायरीत घुसलं होतं. हँडल डावीकडं वळलं की वायर ताणून त्यावर घासायची आणि हॉर्न बोंब मारायचा. तिनं वायरीला चिकटपट्टी गुंडाळली. मग ती काढायची, परीक्षासाहेब नंबर वाचून हातात द्यायचे, सासूबाई सवयीनं प्रत्येक बोल्ट उजेडात धरून बघायच्या. तासाभरात अठराही बोल्ट आपापल्या जागी गेले आणि तेही कुरकुर न करता, हातानंच अर्धे फिरतील इतक्या सुखानं. किल्ली फिरवली, हँडल डावीकडं वळवलं. शांतता. तळमजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून हात जोडले.

बायको हात पुसत आराखडा घडी घालत होती, तेवढ्यात तिची नजर स्टुलावरच्या एका पाकिटावरच्या लाल शाईवर गेली. "हे काय लिहिलंय? डा-७ तोतया?"

परीक्षासाहेबांच्या अंगात जरा जीव आला. एवढ्या फजितीत सांगण्यासारखं तेवढंच उरलं होतं. त्यांनी लाल शाईचं पाकीट पुढं केलं. "हे मात्र मी बरोबर पकडलं. गाडीत दुसरीकडचाच बोल्ट बसवला होता कुणीतरी. हा बघ, पिवळा. मी त्याला बसू दिला नाही, अस्सल आणून बसवला. याची चौकशी चालू आहे."

बायकोनं पाकीट हातात घेतलं नाही. तिचे कान लाल झाले होते.

"चौकशी किती दिवस चालायची, जावईबापू?" सासूबाईंनी टाके मोजत विचारलं.

"याची मूळ जागा सापडेपर्यंत."

"मग वर जाऊन तुमच्या कपाटाचं हँडल बघून या."

"आई!" बायको ओरडली.

"मी कुठं काय बोलले? मी फक्त हँडल म्हणाले."

परीक्षासाहेब वर गेले. कपाटासमोर उभे राहिले. हँडल एका पिवळ्या, गोल डोक्याच्या, सरळ खाचेच्या बोल्टवर लोंबकळत होतं. दुसऱ्या टोकाला भोक होतं. रिकामं. बैठक व्यवस्थेत बावीस वर्षं घालवलेल्या माणसाला घरातल्या कपाटावरचा गैरहजर उमेदवार चार महिने दिसला नव्हता.

ते खाली आले तेव्हा बायको स्टुलावर बसली होती. "नापास झाले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच मैदानावर गेले होते," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "पडले. गाडी दुसऱ्या बाजूला पडली. कव्हराला काही झालं नाही, पण एक बोल्ट कुठं उडाला कुणास ठाऊक. तुम्ही दहा मिनिटांत घरी येणार होतात. समोर कपाट दिसलं."

"पण मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? राहू दे ना, कशाला ती दगदग, मोटार शिकवतेस ते काय कमी आहे."

परीक्षासाहेबांनी 'छे, छे' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण ते अगदी हेच म्हणाले असते, याच क्रमानं. तरी एक गोष्ट त्यांना सोडवेना. "चार महिने मी ते कपाट दोन बोटांनी उघडतोय."

"माहितीय. रोज बघते. रोज वाईट वाटतं."

"रोज?"

"सुरुवातीला रोज. मग हसू यायला लागलं."

आणि तिला आत्ताही आलं. मग परीक्षासाहेबांनाही आलं. सासूबाई तेवढ्या गंभीर होत्या. "तेव्हाही मी गॅलरीतच होते," त्या लेकीला म्हणाल्या. "कपाटाचा बोल्ट घेऊन खाली पळताना पाहिलं मी तुला. सही मागितली असतीस तर तुझीही केली असती."

सोमवारी सकाळी परीक्षासाहेब बायकोला परीक्षेच्या मैदानाच्या दारापर्यंत सोडायला गेले. त्यांनी पाण्याची बाटली दिली, एक शब्दही सल्ला दिला नाही आणि मग कार्यालयात जाऊन बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक संपूर्ण आराखडा चुकीचा लिहिला. दुपारी घरी आल्यावर त्यांनी पिवळा बोल्ट कपाटाच्या हँडलला लावला, लाल शाईच्या पाकिटावर 'चौकशी पूर्ण, उमेदवार मूळ जागी' असं लिहिलं आणि गॅलरीत सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

साडेतीनला गाडी आली. फाटकातून डावीकडं वळली, आवाज न करता. बायकोनं हेल्मेट काढलं आणि वर न बघता खिशातला एक कागद हात उंच करून हलवला. परीक्षासाहेब जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

"पाय?"

"एकदाही नाही. हॉर्नसुद्धा तपासला त्यांनी. म्हणाले, दाबल्यावरच वाजतो, उत्तम." मग ती गाडीवरून उतरली, स्टँड लावला आणि बाजूला झाली.

गाडी भिंतीशी चार बोटं तिरकी उभी होती.

परीक्षासाहेबांनी पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि नजर वळवून ते आकाशाकडं बघू लागले. बायको थोडा वेळ त्यांची ही तपश्चर्या बघत राहिली. मग तिनं किल्ली त्यांच्यापुढं धरली.

"करा सरळ. पण आधी वर बसा. समोरून नाही."

परीक्षासाहेबांनी किल्ली घेतली आणि जपून गाडीवर बसले. डावा हात डावीकडं होता, उजवा उजवीकडं. सगळं जिथल्या तिथं. त्यांनी गाडी जरा पुढं घेतली, जरा मागं घेतली.

वरून आवाज आला. "पडली का, जावईबापू?"

"नाही, आई!" दोघं एकदमच म्हणाली.

"बरं. म्हणजे सही नको," असं म्हणून सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला.